कायदा दिल्लीचा, पोलीस राज्याचे, मग आमचा माणूस अडकला कुठे? कच्च्या कैद्यांच्या घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात विधी स्वयंसेवक म्हणून काम करते. फोनवर, एसटी स्टँडवर, कोर्टाच्या पायरीवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आपल्याकडे माणूस आत राहतो तो बऱ्याचदा गुन्हा मोठा म्हणून नाही. त्याचा एक कागद एका सरकारकडे असतो, दुसरा दुसऱ्याकडे, आणि दोन्ही एका टेबलावर येत नाहीत. म्हणून कोणतं दार कोणाचं, हे आधी कळायला हवं.

१. कच्चा कैदी म्हणजे कोण? पीसीआर आणि एमसीआर यात फरक काय?

ज्याचा खटला संपलेला नाही, तरी जो तुरुंगात आहे, तो कच्चा कैदी. जेलच्या कागदावर त्याला न्यायाधीन बंदी म्हणतात. कायद्याच्या नजरेत तो अजून निर्दोष असतो. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, माणूस ठाण्याच्या लॉकअपमध्ये. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, माणूस जेलमध्ये. ‘एमसीआर झाला’ ऐकून घरचे घाबरतात. खरं तर नियमित जामिनाच्या अर्जाला त्यानंतरच जोर येतो.

देशात असे किती? २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे होते. म्हणजे चारात तीन.

२. पोलीस, जेल, कोर्ट, कायदा: यातलं केंद्राचं काय आणि राज्याचं काय?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या तीन याद्या आहेत. पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि तुरुंग राज्य सूचीत आहेत. फौजदारी कायदा आणि फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांच्याही हातात. त्यामुळे १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता संसदेने केली. पण ती वापरणारा ठाणेदार मुंबईच्या गृह खात्याचा, जेलचा अधीक्षक राज्याच्या कारागृह विभागाचा आणि सरकारी वकील राज्याने नेमलेला. न्यायाधीश यापैकी कोणाचेच नाहीत. जिल्ह्यापर्यंतच्या कोर्टांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं असतं आणि आपल्यासाठी ते नागपूर खंडपीठाकडून चालतं.

समवर्ती सूचीतल्या विषयात राज्याला केंद्राच्या कायद्यात बदलही करता येतो, त्याला राष्ट्रपतींची संमती लागते. उत्तर प्रदेशने १९७६ मध्ये अटकपूर्व जामिनाची तरतूदच काढून टाकली होती, ती २०१९ मध्ये परत आली. इतकी वर्षं तिथल्या माणसाला जो अर्ज करता येत नव्हता, तो आपल्याकडे रोज होत होता. देश एक, संहिता एक, तरी राज्य बदललं की माणसाचं नशीब बदलतं, ते असं.

३. अमेरिकेत केंद्राची कोर्टं वेगळी असतात म्हणे. आपल्याकडेही तसंच आहे का?

नाही. तिथे संघराज्याची आणि प्रत्येक राज्याची कोर्टं, जेलं, जामिनाचे नियम सगळं निराळं आहे. इलिनॉय राज्याने १८ सप्टेंबर २०२३ पासून पैशांचा जामीन पूर्ण बंद केला, शेजारच्या राज्यांत तो चालूच राहिला. आपल्याकडे तालुक्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत एकच शिडी आहे. केंद्राच्या कायद्याखालचा गुन्हाही बहुतेक वेळा त्याच शिडीवर चालतो.

४. पोराला रात्री ठाण्यात नेलं. पहिल्या दिवशी आम्ही काय करायचं?

प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. हे घटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये लिहिलं आहे, ते कोणत्याही सरकारच्या मर्जीवर नाही. अटकेचं कारण त्याला सांगणं आणि घरच्या एकाला कळवणं हेही पोलिसांचं कर्तव्य आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात आधी नोटीस देऊन बोलावता येतं, अटक आपोआप होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात हेच सांगितलं. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस साठीच्या पुढचा किंवा आजारी असेल, तर उपअधीक्षकाच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही.

पहिल्या हजेरीला जा. मॅजिस्ट्रेट ‘काही तक्रार आहे का’ विचारतात, तेव्हा पोरगा मान खाली घालून ‘नाही’ म्हणतो आणि तेच कागदावर उमटतं. त्याला आधी सांगून ठेवा की मारलं असेल तर तिथेच बोल. वकिलासाठी प्रश्न ९ पाहा.

५. साठ दिवसांत, नव्वद दिवसांत सुटतो म्हणतात ते काय?

पोलिसांनी ठरलेल्या मुदतीत दोषारोपपत्र (चार्जशीट) दिलं नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. गुन्ह्याला फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षा असेल तर ९० दिवस, बाकी गुन्ह्यांत ६०. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडच्या, म्हणजे मॅजिस्ट्रेटने पहिल्यांदा कोठडी दिल्याच्या दिवसापासून, आणि तो दिवस धरून. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये हा वाद मिटवला.

यात एक खाच आहे आणि तिथे लोक फसतात. हा हक्क मागावा लागतो. एकसष्टाव्या दिवशी सकाळी अर्ज पडला नाही आणि दुपारी चार्जशीट आली, तर हक्क गेला. म्हणून रिमांडची तारीख घरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. काही कायद्यांत ही मुदत १८० दिवसांपर्यंत जाते, ते प्रश्न १५ मध्ये आहे.

६. जामीन मंजूर झाला, पण महिना झाला तरी माणूस आतच आहे. असं कसं?

हा मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे.

जामीन मंजूर होणं आणि जामीन भरणं या दोन गोष्टी आहेत. कोर्ट म्हणतं, पंचवीस हजारांचा जामीनदार आणा. मग जामीनदाराचा सातबारा, ऐपतीचा दाखला, आधार, रेशन कार्ड, फोटो. ऐपतीचा दाखला तहसीलमधून मिळतो, त्याआधी पटवाऱ्याचा अहवाल लागतो. म्हणजे कोर्टाचा आदेश पाळायला महसूल खात्याचं दार वाजवायचं. पटवाऱ्याकडे पाच-सहा गावं असतात. तो पंचनाम्याला गेला की आठवडा गेला.

मागच्या पावसाळ्यात एक बाई मेणकापडाच्या पिशवीत सातबारा घेऊन आली होती. दीराची चार एकर जमीन, तोच जामीनदार. उतारा उघडला तर इतर हक्कांत सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा. बाबूने कागद परत सरकवला. आता आपल्या भागात बोजा नसलेला सातबारा शोधायचा कुठे? गडचिरोलीत आणि मेळघाटात दुसरीच अडचण आहे. वनहक्काचा पट्टा वारसाने मिळतो, पण विकता येत नाही, म्हणून तो जामिनाला धरत नाहीत. ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्याकडेही ‘ऐपत’ नाही, असा हा हिशोब.

मार्ग आहेत. रक्कम अवाजवी नसावी असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८४ सांगते, त्यावर बोट ठेवून ती कमी करायचा अर्ज करा. जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरू देण्याची विनंती करता येते, तात्पुरत्या रोख जामिनावर सोडून जामीनदारासाठी काही आठवडे मागता येतात. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर तो गरीब आहे असं धरून वैयक्तिक बंधपत्रावर सोडायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात आणखी एक साखळी घालून दिली. जामिनाच्या आदेशाची प्रत कोर्टाने ई-मेलने जेलला पाठवायची. सात दिवसांत सुटका झाली नाही तर जेल अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात जामीन भरला गेला नाही तर कोर्टाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करायचा. तुमच्या माणसाच्या बाबतीत सात दिवस उलटले असतील, तर प्राधिकरणाच्या सचिवांना साध्या कागदावर अर्ज द्या: नाव, गुन्हा क्रमांक, ठाणे, कोर्ट, जामिनाची तारीख. एवढं पुरतं.

७. जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला, मामा मध्य प्रदेशातला. चालतो का?

चालतो. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. मध्य प्रदेशातल्या मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीन मागितला आणि त्याच्या भावाला नाकारलं, का तर भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही पद्धत चुकीची ठरवली आणि गवंड्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला लावलं. वरुड, तुमसर, देवरी, सिरोंचा या भागांत सोयरीक नदीपलीकडच्या राज्यात असतेच. बाबू ‘लोकलच पाहिजे’ म्हणाला, तर वकिलाला हा निकाल दाखवायला सांगा. पडताळणीला वेळ जास्त लागेल, हे मात्र गृहीत धरा.

८. जामिनाचे पैसे सरकार भरतं असं ऐकलं. खरं आहे का?

आहे, पण अर्जाचा पाठपुरावा करावा लागतो. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी योजना आणली. मूळ मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कच्च्या कैद्यासाठी ४० हजारांपर्यंत आणि दंडामुळे अडकलेल्या शिक्षा झालेल्या कैद्यासाठी २५ हजारांपर्यंत मदत ठरवली होती. पैसा केंद्राचा, निर्णय जिल्ह्याच्या समितीचा, नाव पाठवायचं जेलने. तीन ठिकाणी काम असलं की तिन्ही ठिकाणी कोणीतरी विचारणारं लागतं, आणि ते तुम्ही. भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, अमली पदार्थ आणि यूएपीएच्या (बेकायदा कारवायांविरोधी कायद्याच्या) आरोपींना ही मदत नाही.

९. वकील लावायला पैसे नाहीत.

कोठडीतला प्रत्येक माणूस मोफत वकिलाला पात्र आहे, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ तसं सांगतं. तालुक्यात विधी सेवा समिती, जिल्ह्यात प्राधिकरण, आणि फौजदारी कामासाठी पूर्णवेळ वकिलांचं लोक अभिरक्षक कार्यालय. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००. ‘फुकटचा वकील काय लढणार’ असं म्हणून शेत गहाण ठेवू नका. आधी त्यांना भेटा, मग ठरवा.

१०. तारखेला आणतच नाहीत. ‘गार्ड नाही’ म्हणतात. तक्रार कोणाकडे?

जेल कैदी ठेवतं, पण कोर्टात नेणारं पथक जिल्हा पोलिसांचं असतं. गणपती, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा असला की पोलीस बंदोबस्ताला जातात आणि पेशी चुकते. व्हिडिओवर हजेरी लागते, तारीख पुढे सरकते. पडद्यावर आरोपीला वकिलाशी एक शब्दही नीट बोलता येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पुरावा नोंदवायच्या दिवशी तरी प्रत्यक्ष हजर करावं, असा अर्ज वकिलाकडून आधीच द्या. न्यायाधीशांनी लेखी विचारणा केली की पथक मिळतं, असा अनुभव आहे.

असंच सी.ए. रिपोर्टचं. तपास तालुक्यातला, रासायनिक विश्लेषणाची प्रयोगशाळा राज्याची, आणि खटला थांबलेला तिसरीकडे. रिपोर्टची वाट पाहणं हे आरोपीला आत ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही, हे जामीन अर्जात ठळक लिहा.

११. शिक्षेचा काही भाग आत काढला की सोडतात, तो हिशोब कसा?

नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला की जामीन. याआधी कधीच शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांश. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, तर पहिल्यांदा सापडलेल्याचा हिशोब एका वर्षात पूर्ण. राहत्या घरातल्या चोरीला सात वर्षं, म्हणजे दोन वर्षं चार महिने. अर्ज करण्याची जबाबदारी जेल अधीक्षकावर आहे. १ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्यांनाही हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

अपवाद मोठे आहेत. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेला गुन्हा यात बसत नाही. एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा प्रकरणं प्रलंबित असतील तरीही नाही. एकाच भांडणातून तीन ठिकाणी गुन्हे नोंदले गेलेला माणूस इथेच अडकतो. त्याला नेहमीच्या जामिनाचाच रस्ता उरतो. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली न्यायाधीन बंदी पुनर्विलोकन समिती असते, तिच्यात जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकही बसतात. वेगवेगळी खाती एका टेबलावर आणणारी तीच एक बैठक, म्हणून तिच्यापुढे नाव जाईल असं पाहा.

१२. नदीपलीकडे दारू चालते, आमच्याकडे गुन्हा. हा कुठला न्याय?

दारू हा राज्य सूचीतला विषय आहे आणि राज्याने जिल्ह्याजिल्ह्याला वेगळा निर्णय घेतला. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला आली, २०२१ ला उठली. वर्ध्यात ती फार जुनी. त्यामुळे वैनगंगेच्या एका काठावर परवान्याचं दुकान आणि दुसऱ्या काठावर त्याच बाटलीसाठी अटक. ‘तिकडून विकत घेतली’ हा बचाव होत नाही, कायदा बाटली सापडलेल्या जागेचा लागतो. दारूबंदी गडचिरोलीच्या बायकांनी झगडून मिळवली, तिचं मोल मला ठाऊक आहे. तरीही मोहाच्या चार लिटरसाठी म्हातारीला कोर्टात खेटे घालताना पाहिलं की जीव तुटतो.

१३. मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या भावाला तिकडेच अटक झाली. आपल्याकडे जामीन मिळेल का?

नाही. गुन्हा जिथला, जामीन तिथल्या कोर्टाचा. पण मोफत वकील तिथेही मिळतो, कारण विधी सेवेचा कायदा देशभर एकच आहे. १५१०० वर फोन करा किंवा इथल्या प्राधिकरणामार्फत तिथल्या प्राधिकरणाला पत्र पाठवा. कागद तेलुगूत असतील, तर आरोपीला समजेल अशा भाषेत सांगण्याचा आग्रह धरा. जामीनदार इथला चालेल, प्रश्न ७ पाहा.

उलट स्थितीत, म्हणजे तिकडचे पोलीस इथे येऊन उचलत असतील, तर जवळच्या मॅजिस्ट्रेटकडून ट्रान्झिट रिमांड (दुसरीकडे नेण्याची परवानगी) घेऊनच त्यांनी दूर नेलं पाहिजे. अटक व्हायच्या आधीच भीती असेल, तर इथल्या सत्र किंवा उच्च न्यायालयाकडून मर्यादित काळाचा अटकपूर्व जामीन मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ते मान्य केलं. आणि घटना पलीकडच्या राज्यात घडली असली तरी फिर्याद इथल्या ठाण्याने घ्यायलाच हवी, तिला झिरो एफआयआर म्हणतात.

१४. एकाच माणसावर तीन राज्यांत गुन्हे. प्रत्येक ठिकाणी वेगळा जामीनदार कुठून आणायचा?

२०२४ मध्ये गिरीश गांधी प्रकरणात तेरा गुन्हे, अनेक राज्यं, सगळीकडे जामीन मंजूर आणि माणूस आतच, अशी स्थिती होती. सर्वोच्च न्यायालयाने तेच जामीनदार सगळ्या राज्यांतल्या प्रकरणांसाठी चालतील असं ठरवलं. त्याचा आधार घ्या. मात्र एका राज्यात जामीन झाला तरी दुसऱ्या राज्याचं प्रॉडक्शन वॉरंट (तिथल्या कोर्टापुढे हजर करण्याचा आदेश) जेलमध्ये पडून असेल, तर गेटवरून परत आत घेतात. सुटकेच्या आदल्या दिवशी जेलमध्ये विचारा, ‘दुसरं वॉरंट आहे का?’

१५. यूएपीए, मकोका, एनआयए लागलं तर काय बदलतं?

जवळजवळ सगळं. यूएपीए संसदेचा कायदा, मकोका हा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा महाराष्ट्राचा, १९९९ चा. दोन्हींत तपासाची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते, आणि जामिनाचा दरवाजा फार अरुंद. एनआयए केंद्राची तपास संस्था आहे, २००८ च्या कायद्याने केंद्र राज्याचा तपास तिच्याकडे सोपवू शकतं, मग खटला दूरच्या विशेष न्यायालयात जातो. सीबीआयचं उलट आहे, तिला राज्याची संमती लागते. महाराष्ट्राने ती सरसकट संमती ऑक्टोबर २०२० मध्ये काढली आणि २०२२ मध्ये परत दिली. भामरागडहून मुंबईला तारखेला जाणाऱ्या आईबापांना तपास कोणाकडे आहे यानेच अर्धी शिक्षा होते. फार काळ खटला रेंगाळला तर यूएपीएतही घटनात्मक न्यायालय (उच्च किंवा सर्वोच्च) जामीन देऊ शकतं, हे २०२१ च्या नजीब निकालात आहे.

१६. एमपीडीएखाली नेलं. जामीन अर्ज कुठे करायचा?

कुठेच नाही. ही स्थानबद्धता आहे, म्हणजे पुढे गुन्हा करेल म्हणून आधीच डांबणं, खटला नाही. राज्याच्या १९८१ च्या कायद्याने जिल्हाधिकारी आदेश काढतात, बारा महिन्यांपर्यंत. वाळू तस्करीही त्यात आहे. कारणं पाच दिवसांत, समजेल अशा भाषेत द्यावी लागतात. शासनाने बारा दिवसांत मान्यता दिली नाही तर आदेश संपतो. शासनाकडे आणि सल्लागार मंडळाकडे निवेदन द्या, आणि वकिलाला नागपूर खंडपीठात रिट करायला सांगा. निवेदनाला उशिरा उत्तर मिळालं, या एका मुद्द्यावरही आदेश रद्द होऊ शकतो.

१७. जंगल खात्याने पकडलं. ते पोलीस आहेत का?

नाहीत, पण अटक करू शकतात. वन्यजीव कायदा केंद्राचा १९७२ चा, कर्मचारी राज्याचे. मॅजिस्ट्रेटपुढे नेणं त्यांनाही बंधनकारक आहे, प्रश्न ४ इथेही लागू. एक गोष्ट लक्षात ठेवा. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. वन्यजीव प्रकरणात अधिकृत सहाय्यक वनसंरक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्याने आरोपीच्या समक्ष नोंदवलेला पुरावा खटल्यात चालतो. वाचून दाखवल्याशिवाय आणि वकिलाशी बोलल्याशिवाय कशावरही अंगठा देऊ नका.

१८. आमदार साहेब बोलले तर सोडतील का? आंदोलनातले गुन्हे तर मागे घेतात.

जामीन फक्त कोर्ट देतं. खटला मागे घेणं वेगळं. राज्य तसं ठरवू शकतं, पण अर्ज सरकारी वकिलाने करायचा, कोर्टाची संमती लागते आणि पीडिताचं म्हणणं ऐकावं लागतं. रस्ता रोकोचा गुन्हा राज्याच्या पातळीवर निघू शकतो. रेल रोकोत रेल्वेच्या मालमत्तेचं नुकसान असेल, तर ती केंद्राची मालमत्ता, म्हणून केंद्राची परवानगीही लागते. कापसाच्या भावासाठी रुळावर बसलेल्या शेतकऱ्यांची नावं म्हणून वर्षानुवर्षं यादीत राहतात.

१९. आत असलेला माणूस मतदान करू शकतो का?

लोकसभा-विधानसभेला नाही, कच्चा कैदी असला तरी नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२(५). पण प्रश्न १६ मधला स्थानबद्ध माणूस टपालाने मत देऊ शकतो. आणि मत न देऊ शकणारा कच्चा कैदी निवडणुकीला उभा मात्र राहू शकतो, २०१३ च्या दुरुस्तीनंतर. जामिनावर बाहेर असलेल्याला यातलं काहीच आडवं येत नाही. त्याचं नाव यादीत असेल तर त्याने ओळखपत्र घेऊन सरळ केंद्रावर जावं.